उरलेले तीनशे चाळीस मीटर

पुणे, ८ जानेवारी १९८४

प्रिय वहिनीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. सफरीबद्दल विचारलं आहेस म्हणून नीट लिहिते. वाडीत सगळ्यांना वाचून दाखव.

आमच्या सायकल मंडळाचे आम्ही सहा जण आहोत. मी, आपल्या गावचा जयसिंग, आणि तंत्रनिकेतनात आमच्या वर्गात असलेले चौघे, त्यांत दोन मुली. सायकली रेल्वेच्या मालडब्यात टाकून नागपूरला जायचं, तिथून १७ तारखेला निघून दहा दिवसांत चिंचघळला पोहोचायचं. अंतर सुमारे आठशे किलोमीटर. वाटेत कॉलेजांमधून वाडीतल्या हापशाची माहिती सांगायची आणि उरलेली वर्गणी जमवायची. २६ जानेवारीला वाडीत पहिलं पाणी.

बोअरची गाडी गुरुवारी, १२ तारखेला येईल. मी ठोकलेली खुंटी भीमाआत्याच्या घराच्या ईशान्य कोपऱ्यापासून अकरा मीटरवर आहे, लाल डोक्याची. भूजल खात्याच्या माणसाने दाखवलेली जागा तीच, नकाशावर तीच, आणि नकाशावर जयसिंगची सही आहे. ती कोणाला हलवू देऊ नकोस. तिला शेळीसुद्धा बांधू नकोस.

हापशाचे दोन भाग मुद्दाम बसवायचे ठेवले आहेत. दांडा आतली सळई ज्या साखळीने उचलतो ती साखळी, आणि दांड्याचा आस. ते नागपूरहून सायकलवर आणायचे आणि सगळ्यांसमोर बसवायचे ही जयसिंगची कल्पना. मला असली नाटकं आवडत नाहीत. पण भाग माझ्याकडे राहतील, कारण ग्रीस लावून, कापडात गुंडाळून ठेवण्याची चिकाटी बाकी कुणात नाही. हे दोन भाग नसले तर हापसा म्हणजे नुसता लोखंडी खांब.

पत्र पाठवायचं तर 'पोस्टमास्तरांच्या स्वाधीन, मुख्य टपाल कचेरी' असं लिहून पाठव. अमरावतीला मी १८ तारखेला असेन, नगरला २३ आणि २४ ला.

दादा अलीकडे गप्प असतो असं लिहिलं आहेस. भाताची मळणी संपली की तो दरवर्षीच गप्प असतो.

तुझी,
जया


चिंचघळ, १३ जानेवारी

वन्सं, जयभीम.

गाडी आली. पर कुटं आली ते इचारा.

काल धा वाजता धूळ उडवत आली आन थेट भैरोबाच्या देवळाम्होरं जाऊन हुबी ऱ्हायली. आमी बाया खाली वाडीत वाट बघतोय, भीमाआत्यानं तर गाडीवाल्यासाठी चहाचं आदन ठिवलेलं. वरनं घरघर ऐकू आली तवा मी पळत गेले. डायवरला म्हनलं, "ओ दादा, चुकलासा. खुंटी खाली हाय." तर म्हनतो, "बाई, मला हीच जागा दावलीया." "कुनी दावली?" तर त्यानं हैबतरावाकडं, जयसिंगाच्या चुलत्याकडं, बोट केलं.

हैबतराव देवळाच्या पायरीवर पान लावत बसलेलं. मला म्हनलं, "चांगुणा, पानी काय वरची आळी, खालची वाडी बघतंय व्हय? जमिनीखाली समदं एकच हाय."

म्या म्हनलं, "एकच हाय तर मंग वाडीत काढा की."

हसलं. समदी हसली. चार वाजता पानी उडालं आन वरच्या आळीनं गुलाल उधळला. आमच्या घरातबी कुनीतरी गुलाल लावून आलं, पर ते ऱ्हाऊ द्या.

खुंटी जाग्याव न्हाई. कुनी उपटली ते इचारू नका.

आत्या म्हनती, "गेल्या साली झऱ्यावनं घागर आनताना माजा खुबा मोडला, तवा लई हळहळली ही मानसं. आता त्याच मोडक्या खुब्यानं मला टेकाड चढाय लावत्यात."

तुमच्या त्या जयसिंगाला इचारा. सायकल चालवाय लई दम लागतो म्हनं. खरं बोलाय किती लागतो ते बघा.

चांगुणा


अमरावती, १८ जानेवारी

प्रिय वहिनीस,
सप्रेम जयभीम.

आज दुपारी तुझं पत्र घेतलं. दोन दिवसांत १५५ किलोमीटर झाले. सगळे ठीक आहेत.

जयसिंगला मी लगेच विचारलं. तो म्हणतो, देवळासमोरचा बोअर हैबतरावांनी स्वतःच्या खर्चाने घेतला, कारण गाडी आयती गावात येत होती. वाडीतल्या कामासाठी तीच गाडी २० तारखेला परत येणार आहे. खुंटी पोरांनी काढली असेल, नकाशा आहे तोवर तिची गरज नाही. त्याने हे चौघांसमोर सांगितलं. नकाशावर त्याची सही आहे. मला यात न पटण्यासारखं काही दिसत नाही.

वहिनी, तू रागात लिहिलं आहेस. रागात माप चुकतं. यापुढे ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहीत जा. देवळासमोर ओटा बांधला आहे का? त्यावर काय लिहिलं आहे? खुंटीच्या जागेपासून तिथवर अंतर किती? मी दिलेली पट्टी घरात आहे. २० तारखेला गाडी आली की नाही तेही कळव. एवढं कळलं की मला पुढचं बोलता येईल.

इथल्या कॉलेजात साखळी हातात घेऊन सगळ्यांनी पाहिली. एका बाईंनी तिला हळदकुंकू लावलं. मी नंतर रॉकेलने पुसून परत ग्रीस लावलं.

तुझी,
जया


चिंचघळ, २१ जानेवारी

वन्सं, माप मागितलंत. घ्या.

तुमच्या पट्टीनं कासऱ्याला बरुबर धा मीटरवर गाठ मारली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आत्याची सून साळूबाई. खुंटीच्या भोकापासनं देवळाम्होरच्या पायपापत्तूर चौतीस कासरं भरलं. म्हंजी तीनशे चाळीस मीटर. समदा चढ. आमी कासरा टाकत वर चाललोय आन पारावरची मानसं दात काढत्यात. एक म्हनला, "काय चांगुणा, गाव इकत घेतीस काय?" म्हनलं, "न्हाई बाबा, गावानं काय इकलं ते मोजतीया."

ओटा बांधलाय. शिमिटात अक्षरं कोरल्यात. 'कै. भैरू पाटील यांच्या स्मरणार्थ', म्हंजी हैबतरावाचा बाप. त्याच्याखाली बारीक, वाकून बघावं लागतंय, 'सायकल मंडळ, पुणे'. हे पाहिलेलं हाय, ऐकलेलं न्हाई.

काल २० तारीख हुती. गाडी आली न्हाई. मी आज पौडला चालत गेले. ठेकेदाराचा मानूस एस्टी स्टँडाव भेटला. त्याच्या वहीत चिंचघळचं एकच काम हाय आन त्याच्याम्होरं 'झालं' लिवलंय. त्यानं वही मला दावली. मी सातवी पास हाय, मला वाचाय येतंय.

राग आला म्हनून माप चुकलं का ते तुमीच येऊन मोजा. हे पत्र पौडातनंच टाकतीया. नगरला गावलं तर गावलं.

चांगुणा


नगर, २४ जानेवारी

जयसिंग,

आपण एकाच शाळेच्या खोलीत उतरलो आहोत, तरी लिहून देते आहे. तोंडी बोलले तर माझा आवाज चढेल आणि उद्या तू सर्वांना सांगशील की जया चिडली होती. कागद चिडत नाही.

वर्गणीचा बोअर देवळासमोर घेतला आहे. दुसरा बोअर नाही, दुसरी गाडी नाही, २० तारीख तू अमरावतीत उभ्या उभ्या तयार केलीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवून माझ्या वहिनीला खोटं ठरवलं. तिने कासऱ्याने मोजून मला उत्तर दिलं.

गेले आठ दिवस तू कॉलेजा-कॉलेजात भीमाआत्याच्या मोडलेल्या खुब्याची गोष्ट सांगतोस. काल इथे सांगताना तू रुमाल काढलास. मी समोर साखळी धरून उभी होते. ज्या लोकांनी ती गोष्ट ऐकून पैसे दिले त्यांना तू हे सांगितलंस का, की त्या बाईने त्याच खुब्याने बावीस मीटर उंचीचा चढ चढायचा आहे?

नकाशावर तुझी सही आहे. ती कशासाठी होती ते मला लिहून दे. तोंडी नको.

जया


नगर, २४ जानेवारी, संध्याकाळ

जया,

तू फक्त नकाशा बघतेस. गाव नकाशावर चालत नाही.

गाडी वाडीत उतरत नाही. वाट साडेसहा फूट आहे, गाडीला आठ लागते. हे मला ११ तारखेला गावी गेलो तेव्हा कळलं. हैबतकाकांनी देवळासमोरची जागा सुचवली. मी एकच अट घातली, की हापशावर सगळ्यांची एकच रांग लागेल. वरची आळी, वाडी, जो आधी येईल तो आधी. काकांनी भैरोबासमोर कबूल केलं. चिंचघळमध्ये हे आजवर कधी झालं नाही, तुला माहीत आहे. तीनशे मीटरपेक्षा ही गोष्ट मोठी नाही का?

२० तारखेचं मी खोटं बोललो. सफर मोडेल म्हणून बोललो. त्याबद्दल माफी मागतो.

पण खुंटी मी काढली नाही, काकांनीही नाही. तुझ्या किसनदादाला विचार. अट ऐकून त्याने स्वतः जाऊन उपटली.

परवा कृपा करून साखळी बसव. बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत.

जयसिंग


पुणे, २९ जानेवारी

प्रिय वहिनीस,

२६ तारखेला मी वाडीत आले तेव्हा तू पाठ फिरवून भाकरी थापत राहिलीस. तुझी घागर उंबऱ्याजवळ पालथी होती. मंडपात तू आली नाहीस, म्हणून तिथे काय झालं ते लिहिते.

देवळासमोर कमान होती, पौडहून बँड आणला होता. मी सायकल स्टँडवर लावली. पुढच्या चाकाच्या सायक्लोमीटरवर ७९६.१ किलोमीटर झाले होते. तो मी तिथेच काढून खिशात ठेवला. मंचाकडे गेले नाही. दादा मंडपाच्या कडेला उभा होता, लग्नातला पांढरा सदरा घालून, कपाळाला गुलाल. मी विचारलं, "दादा, खुंटी तू उपटलीस?"

"व्हय."

"कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. माजी मी."

मी म्हणाले, भीमाआत्या इथवर चढणार कशी? तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "जया, तू पुण्यात नळाखाली बादली लावतीस. मी ल्हानपनापासनं वरच्या विहिरीपाशी घागर घिऊन हुबा हाय, कुनीतरी वरनं वतंल म्हनून. तिकडनं वतायचं, हिकडनं म्या झेलायचं. अंगाव सांडलं तर तेबी पुसायचं न्हाई. जयसिंग म्हनला, एक रांग. मला पानी नको हुतं गं. मला ती रांग पायजे हुती. आत्याची घागर मी आनून दीन, रोज."

मी नकाशा काढताना रांग मोजली नव्हती.

म्हणून साखळी बसवली. आस, बेअरिंग, साखळी, वरचं झाकण. अकरा मिनिटं लागली. हैबतरावांनी पहिला दांडा मारला, टाळ्या झाल्या, फोटो झाला. मग रांग लागली आणि दादा तिच्यात सातवा होता. पुढे वरच्या आळीची बाई, मागे वरच्या आळीची बाई. त्याने घागर भरली आणि माझ्याकडे बघितलं. तसं त्याने माझ्याकडे पूर्वी एकदाच बघितलं होतं, मी पदविका घेऊन आले तेव्हा.

तरीही मला राग आहे, आणि तो तुझ्यावरही आहे. खुंटी कुणी उपटली ते तुला १३ तारखेला माहीत होतं. 'विचारू नका' म्हणालीस. नवऱ्याला झाकलंस. आणि मी तुझ्याकडे दोरीचं माप मागितलं, तारीख मागितली, कोरलेली अक्षरं मागितली, फक्त तेवढं विचारलं नाही. याचा राग कुणावर काढायचा ते मला समजत नाही.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर मंडळाची तांत्रिक चिटणीस म्हणून माझी सही लागते. ती मी केलेली नाही. कागदावर 'नकाशात दाखवल्याप्रमाणे' असं छापलेलं आहे आणि ते खरं नाही.

जया


चिंचघळ, ७ फेब्रुवारी

वन्सं,

व्हय, नवऱ्याला झाकलं. तुमाला नवरा न्हाई म्हनून तुमाला सोपं वाटतंय. तो रातीचा जागा हुता, खुंटी हातात घिऊन बसला हुता. अशा मानसाचं नाव पत्रात लिवायला माजा हात झाला न्हाई. आता तुमाला काय बोलायचं ते बोला.

पर त्याची रांग नऊ दिस टिकली. शनवारचं सांगती. मीबी तवा रांगेत हुते. आत्याच्या घागरीसाठी का हुईना, जाया लागले हुते.

किसननं घागर भरली, बाजूला झाला. त्याच्यामागं सारजाबाई, हैबतरावाची बायको. तिनं पदराखालनं चिंच काढली, राख काढली आन हापशाचा दांडा घासाय घेतला. भांडं घासावं तसा, कोपरं काढून. मंग वरनं पानी वतलं. मंग आपली घागर लावली.

किसननं इचारलं, "काकी, दांडा खराब झालता का?"

ती म्हनली, "न्हाई रं किसन. देवाम्होरची वस्तू हाय, चोख ठिवाया लागती."

"मंग मी धरायच्या आदी का न्हाई घासला?"

ती दांडा हापसाय लागली. पर वन्सं, मी तिच्यामागच्या बायांकडं बघितलं. पाच जनी हुत्या. पाचींच्या हातात चिंच हुती. घरनंच आनलेली. एकीनं माज्याकडं बघून मूठ झाकली. तिला लाज वाटली आसंल, पर चिंच टाकली न्हाई.

किसन घरी आला. भरलेली घागर उंबऱ्याभाईर वतून टाकली. माळ्यावर खुंटी लपवून ठिवली हुती ती काढली आन जाऊन ठोकली. पाठमोरा हुता, मला तोंड दिसलं न्हाई. लई जोरात ठोकत हुता. आता हैबतरावाच्या रानात कामालाबी गेला न्हाई. हैबतरावाचा सांगावा आला तर म्हनला, "त्यांना सांग, माज्या हाताचा नांगरबी घासून घ्या."

मला म्हनला, "जयाला लिही. अकरा मीटर म्या पावलानं मोजल्यात, तिला पट्टीनं बघाय सांग."

चांगुणा


पुणे, १३ फेब्रुवारी

जयसिंग,

काल, रविवारी, सकाळी अकरा वाजता मी देवळासमोरच्या हापशाचं झाकण उघडून साखळी आणि आस काढून घेतला. पुण्याहून सायकलने गेले होते, नट खोलायचे दोन पाने घेऊन. कोणी तुला वेगळं सांगेल म्हणून कळवते, की हे भर उजेडात आणि सुमारे वीस माणसांसमोर केलं.

तुझ्या काकी म्हणाल्या, "अगं, गावाच्या वस्तूला हात लावतीस?" मी म्हणाले, "हात लावल्यावर चिंचेने घासता येईल. आता निवांत घासा, दांडा मोकळाच हलतो." काका म्हणाले पोलिसात देतो. मी थांबले. पौडला जायला एस्टी साडेबाराची होती, ती गेली तरी कुणी गेलं नाही.

वरच्या आळीचं पाणी तोडलं असं म्हणू नकोस. तुमच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं. २६ तारखेपर्यंत तुम्ही तेच पीत होतात. वाडीही २६ तारखेआधी जे पीत होती तेच आता पिते, झऱ्याचं, अकराशे मीटरवरून. कुणाचं काय कमी झालं ते तूच मोज.

तुझी अट चांगली होती. ती तू काकांकडून भैरोबासमोर घेतलीस आणि पुण्याला निघून आलास. रांगेत उभं राहायला तिथे माझा भाऊ राहिला. त्याला त्या रांगेची किती भूक होती ते तू ओळखलंस आणि त्याच भुकेवर त्याच्याच हातून खुंटी उपटून घेतलीस. हे तुला त्या वेळी समजलं नसेल. आता समजलं नाही तर मात्र तुला ते समजून घ्यायचंच नाही, एवढंच मी म्हणेन.

काकांनी ओट्यावर आपल्या वडिलांचं नाव घातलं आहे, तर तो बोअर त्यांचा. त्याचा खर्च ते देतील, साखळीही नवी आणतील. वर्गणीचा बोअर खुंटीवर होईल. बाकी चौघांना मी कळवलं आहे. चौघांचीही याला लेखी संमती आली आहे.

आणखी एक. सफरीची वही माझ्याकडे आहे. २६ जानेवारीच्या रकान्यात ७९६.१ असा आकडा आहे आणि 'पूर्ण' हा शब्द नाही. सफर बौद्धवाडीत संपायची होती. तीनशे चाळीस मीटर उरले आहेत.

जया


चिंचघळ, १८ फेब्रुवारी

जया,

परवापासून गावात आहे. तू गेल्यापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही, तेव्हा तुझं काम झालं असं समज.

काकी जुन्या वळणाची बाई आहे. माणसं नऊ दिवसांत बदलत नाहीत, तुझ्या पान्याने तर नाहीच. तू आम्हा सगळ्यांना एका मापात बसवलंस. मी हे गावाच्या भल्यासाठी केलं होतं आणि आज मी दोन्हीकडून चोर. सफर संपली आहे, पेपरात फोटो आला आहे, तुझ्या वहीत काय आहे त्याला कोण विचारतो?

एवढं लिहून दोन दिवस हा कागद खिशात ठेवला होता. काल मी देवळापाशी बसलो होतो. साळूबाई झऱ्यावरून येताना दिसली, डोक्यावर दोन घागरी. मी उठलो, तर ती वाट सोडून कडेला झाली, मी पुढे जावं म्हणून. डोक्यावर दोन घागरी असताना. तिने हे सवयीने केलं, आणि मीही सवयीने पुढे गेलो. दहा पावलं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

बोअरचं काकांना मी सांगितलं आहे. शिव्या खाल्ल्या, पण खर्च ते देतील. नाव पुसायला नको म्हणून देतील.

पण वाटेचं काय? ती खरोखरच साडेसहा फूट आहे. आठ झाली तर गाडी मी आणतो.

जयसिंग


पुणे, २७ फेब्रुवारी

जयसिंग,

वाट आठ फूट चार इंच झाली आहे. वाडीने पाच दिवस खणली. वहिनीने मोजली.

जया


चिंचघळ, ४ मार्च

वन्सं, जयभीम.

शुक्रवारी गाडी आली. ह्या खेपेला खाली आली.

म्होरं जयसिंग, सायकल हातात धरून, मागं गाडी. डायवरला हात करत हुता, हिकडं घे, तिकडं घे. आमी समदी बांधावर हुबी. कुनी त्याला ये म्हनलं न्हाई, जा म्हनलं न्हाई. आत्या बाजंवर बसली हुती. तिनं इचारलं, "कोन रं तू?"

"जयसिंग. हैबतरावांचा पुतण्या."

"बरं बरं. तू तर माज्या खुब्याची गोष्ट सांगत फिरतोस म्हनं. पैकं मिळत्यात का त्याचं?"

तो लालेलाल झाला. आत्या म्हनली, "बस त्या धोंड्यावर. पानी लागंपत्तूर उठायचं न्हाई."

बसला. उन्हात बसला, साडेचार तास. गाडीची समदी धूळ अंगावर घेतली. साळूबाईनं तांब्या दिला तर दोन्ही हातांनी घेतला आन प्याला. ते बघाय वरच्या आळीची चार मानसं टेकाडावर हुबी हुती. त्यातला एक हैबतराव.

एकशे बावन फुटाव लागलं. वरच्यापरीस धार बारीक हाय असं गाडीवाला म्हनला. पर लागलं. किसननं चिखल उचलून हुंगला आन घरात गेला. लई येळ भाईर आला न्हाई.

साखळी घिऊन या. दोन पाने आना म्हनतो तुमचा भाऊ, एक त्याला ठिवायचा हाय. पुन्यांदा कुनी खोलाय-लावाय बाहेरचं मानूस बोलवायचं न्हाई, तुमीबी न्हाई, असं म्हनतो. रागानं न्हाई म्हनला. पर लिवून दे म्हनला.

आन वन्सं, मी तुमाला नवरा न्हाई म्हनून बोलले हुते. ते बोलाय नको हुतं. पर तुमी मला माप चुकतंय म्हनला हुता. फिटंफाट.

चांगुणा


पुणे, १२ मार्च

जयसिंग,

काल साखळी बसवली. मी नाही, दादाने. मी फक्त नट कुठल्या क्रमाने आवळायचे ते सांगितलं. त्याला अडतीस मिनिटं लागली. पहिली घागर भीमाआत्याची. ती अकरा मीटर स्वतः चालत आली, हातात काठी, आणि कुणाला घागरीला हात लावू दिला नाही.

दुपारी वरच्या आळीची एक बाई रिकामी कळशी घेऊन खाली आली. तुमच्या हापशाची नवी साखळी अजून आलेली नाही म्हणाली. सगळ्या वहिनीकडे बघायला लागल्या. वहिनी म्हणाली, "रांगेत हुबी ऱ्हा." ती उभी राहिली. नववी होती. तिच्या हातात चिंच नव्हती, मी पाहिलं. यावरून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही.

वही पूर्ण केली आहे. सायक्लोमीटर २६ जानेवारीला काढून ठेवला होता, तो काल देवळासमोर पुन्हा चाकाला लावला आणि तिथून खुंटीपर्यंत सायकलने उतरले. आता ७९६.४ आहे. हे यंत्र शंभर मीटरखालचं मोजत नाही, म्हणून शेरा लिहून वहिनीच्या कासऱ्याचं माप धरलं आहे, तीनशे चाळीस. बाकीचे चौघेही काल आले होते आणि सायकलने उतरले. त्यांच्या आणि माझ्या नावापुढे 'पूर्ण' असं लिहिलं आहे. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सहीही केली.

तू २ मार्चला उतरलास, पण सायकल हातात धरून. म्हणून तुझ्या नावापुढे 'शेवटचे ३४० मीटर पायी' असं लिहावं लागलं.

हरकत असेल तर ये आणि उतर. वाट आठ फूट चार इंच आहे.

जया